मेलेल्या होडीला सांगावा

मोरवंड बंदरातली स्वयंपाकाची भांडी समुद्रावर कशी गेली, ते आधी सांगतो. नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला थाप वाटेल. तशी ती थोडी वाटणारच. पण त्या दिवशी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात मी स्वतः बसलो होतो आणि माझ्यासमोरचा चहा थंड झाला होता. मी चहा थंड होऊ देतो म्हणजे प्रसंग काय असेल, हे मला ओळखणारे ओळखतील.

त्या सुमाराला डिझेलच्या होड्या जवळजवळ संपल्या होत्या. बॅटरीवरच्या आल्या होत्या. इतक्या मुक्या, की एकदा एक डॉल्फिन झोपेत विश्राम तोरसकरांच्या होडीवर आदळला आणि वर त्यांनाच डोळे वटारून निघून गेला. प्रत्येक होडीच्या डोलकाठीवर एक नारिंगी डबा असे, जेवणाच्या डब्याएवढा. हवामान, माशांचे भाव, घरचा निरोप, सगळं त्यातून टिंगकन वाजून येई आणि त्याच्या छोट्या पडद्यावर दिसे. मोबाइलचा मनोरा खोल समुद्रात पोचत नाही, म्हणून हे डबेच एकमेकांशी बोलत. किनारा पहिल्या होडीशी, पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी.

डब्याच्या पोटात जे चालायचं त्याचं नाव 'सांगावा'. ही एक लायब्ररी. पुस्तकांची नव्हे. इतर प्रोग्रॅमनी निरोप पाठवायचं काम आयतं करून घ्यावं म्हणून बांधून ठेवलेलं कोडचं गाठोडं. ते कुठल्या कंपनीचं नव्हतं. आमच्या गावच्या वैजयंती कुबलने पुण्यातली नोकरी सोडून, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर बसून लिहिलं आणि जगापुढे उघडं टाकलं. ज्याला हवं त्याने वाचावं, वापरावं, चूक दिसली तर सुधारावी. केरळचे कोळी वापरू लागले, ओमानचे वापरू लागले. गावाने सत्कार केला, नारळ दिला.

सत्काराला एकच माणूस आला नाही. तिचा सख्खा भाऊ लवू.

लवूचं म्हणणं असं. समुद्रात खोलवर एक बुडालेला खडक आहे, त्याच्या आडोशाला सुरमई येते. ही जागा त्याला बापाने दाखवली होती आणि बापाला त्याच्या बापाने. आता डोलकाठीवरचा डबा दर थोड्या वेळाने 'मी आहे, मी आहे' अशी टकटक करतो. ती टकटक कुठल्या दिशेने येते हे ऐकणाऱ्याला कळतं. आणि ते कसं कळतं, हेही वैजूने उघड्या कोडबरोबर सविस्तर लिहून ठेवलेलं.

"आज्याची जागा तू जगाक दाखवलंस," तो धक्क्यावर सगळ्यांदेखत तिला म्हणाला होता. त्यानंतर बहीणभावांचं बोलणं बंद.

मग लवूने उपाय काढला. खडकाजवळ पोचलं की घरातला ॲल्युमिनियमचा मोठा टोप डोलकाठीवरच्या डब्यावर पालथा घालायचा. धातूच्या भांड्यातून रेडिओच्या लहरी बाहेर पडत नाहीत, हे त्याला शाळेतून आठवलं की नुसतंच सुचलं, देव जाणे. पण चाललं. महिन्याभरात प्रत्येक होडीवर एकेक टोप आला. मासा लागला की टोप घालायचा, परत निघताना काढायचा. बायका घरी भात कशात शिजवायच्या, ते विचारू नका.

हे सगळं वैजूला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, डबे अधूनमधून बिघडतात.

*

डिसेंबरातली गोष्ट. ओमानकडे चाललेलं वादळ दुपारी अचानक वळलं आणि आमच्या दिशेने सुटलं. सोसायटीने इशारा सोडला. आम्ही भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होतो. एकेका होडीच्या नावापुढे 'पोचला' असं उमटत गेलं आणि ठिपके बंदराकडे वळू लागले.

'म्हाळसा' या नावापुढे काही उमटलं नाही. ती लवूची होडी. तो आणि चार खलाशी. थोड्या वेळाने त्या नावापुढे शब्द आला, 'मृत'.

चेअरमन भाई मयेकर खुर्चीतून उठले. "मृत? म्हणजे काय गो?"

"घाबरू नका," वैजू म्हणाली. "माणसं नव्हे. जोडणी. त्याच्या डब्याची टकटक बंद झाली की सांगावा त्याला मृत धरतो. डबा बिघडला असेल."

"बिघडूक नाय," कोपऱ्यातून विश्राम तोरसकर म्हणाले. "टोप घातल्यान आसतलो."

विश्रामकाका म्हणजे लवूचे वैरी नंबर एक. त्यांची होडी त्या दिवशी मुलगा न्हानू घेऊन गेला होता. त्यांनी टोपाची सगळी हकिकत सांगितली आणि वैजूच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"किती वेळ घालतात टोप?"

"सुरमय संपासर. लवू सांज झाल्याशिवाय काढूचो नाय."

"मग काय झालं?" भाई म्हणाले. "संध्याकाळी टोप काढला की निरोप मिळेल त्याला. तूच तर सांगितलं होतंस सभेत, निरोप थांबून राहतो म्हणून. तोवर ते वादळ काही..."

"तो शब्द नको, भाई. होडी बाहेर असताना आमच्या घरात काढत नाहीत."

कॉम्प्युटरवाली पोरगी आणि हे असलं! पण कुणी हसलं नाही. आईकडून आलेलं ते तिच्या अंगात होतं.

"आणि निरोप थांबणार नाही," ती पुढे म्हणाली. "मी सभेत अर्धंच सांगितलं होतं. बघा."

टेबलावर बर्फाचं पाणी सांडलेलं होतं. त्यातच तिने बोटाने रेघा ओढायला सुरुवात केली.

"हे दार. प्रोग्रॅमला फक्त एवढंच दिसतं. दारात निरोप टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचं. समुद्र, लाटा, अंतर, त्याला काही माहीत नसतं. दाराच्या आत, ज्याच्या ज्याच्याशी ओळख आहे त्या प्रत्येकासाठी एक वेगळी नळी. लवूची वेगळी, न्हानूची वेगळी. निरोप आपापल्या नळीत रांगेने उभे राहतात. नळीच्या पलीकडच्या टोकाला हमाल. ते निरोप उचलतात आणि हवेतून पलीकडच्या डब्याच्या दारात नेऊन टाकतात. मध्ये मोठं पोस्ट ऑफिस नाही, साहेब नाही. प्रत्येक डबा स्वतःच पोस्ट आणि स्वतःच पोस्टमन. म्हणून एक होडी बंद पडली तरी बाकीच्यांचं चालू राहतं."

"बरं केलंस की मग," मी म्हणालो.

"थांबा. डब्याची जागा लहान. नळी कितीही भरत गेली तर डबा गुदमरेल. म्हणून हमाल दर थोड्या वेळाने पलीकडचं दार ठोठावतो. चार-पाच वेळा उत्तर नाही आलं की धरून चालतो, पलीकडे कुणी उरलेलं नाही. मग ती नळीच मोडून टाकतो." तिने ओल्या टेबलावरची एक रेघ पुसली. "आत थांबलेल्या निरोपांसकट."

भाईंनी पुसलेल्या रेघेच्या जागी बोट ठेवलं.

"म्हणजे संध्याकाळी टोप काढेल तेव्हा...?" भाईंनी विचारलं.

"आसपास होडी असेल तर नवी नळी जोडली जाईल. रिकामी. पण तोवर आसपास होडी कुठली? सगळ्या परत निघाल्यात. तो डब्याचा पडदा बघेल. पडदा कोरा." तिने हात पुसले. "आणि गेली दोन वर्षं मीच सगळ्यांना शिकवलंय, पडदा कोरा म्हणजे सगळं ठीक."

वादळ दिवेलागणीला खोल समुद्रातल्या त्या भागात पोचणार होतं. टोप निघायचीही तीच वेळ.

*

भाई मयेकर तसे शांत गृहस्थ. पण त्यांच्याही कपाळावर घाम आला. "मग तो मरायचा नियमच काढून टाक ना! तुझंच लिहिलेलं आहे. आत्ता, इथून, सगळ्या डब्यांत बदल."

वैजूने लॅपटॉप पुढे ओढला. खरंच तिच्या हातात होतं ते. होड्या अजून साखळीत होत्या, बदल पाठवला तर सगळ्या डब्यांपर्यंत पोचला असता. तिची बोटं कळफलकावर गेली. तिने दोन ओळी खोडल्यासुद्धा, मी बघितलं. मग ती थांबली.

"काय झालं?"

"किनाऱ्यावर ज्यांचे डबे बंद पडून आहेत, असे कितीतरी होडीवाले आहेत. नियम काढला तर त्या सगळ्यांसाठी नळ्या भरत जातील. येणाऱ्या होड्यांचे डबे वाटेतच गुदमरतील. वारा फिरला, धक्का बदलला, काही सांगायचं झालं तर एकालाही ऐकू जाणार नाही." ती पडद्यावरच्या ठिपक्यांकडे बघत राहिली. "एका लवूसाठी सगळ्यांना बहिरं करू?"

भाऊ तिचा होता. आम्ही कोण उत्तर देणार? तिने खोडलेल्या दोन ओळी परत लिहिल्या. एकेक अक्षर, जणू दगड उचलत होती.

"कुणीतरी त्याच्याजवळ जाऊन राहायला हवं," ती म्हणाली. "पण तो आहे कुठे हेच कुणाला ठाऊक नाही."

आता विश्रामकाकांची मजा बघा. मजा म्हणजे आज म्हणायची. तेव्हा त्यांचा चेहरा उलटी आवरणाऱ्या माणसासारखा झाला होता. ते उठले, दारापर्यंत गेले, समुद्राकडे बघून परत आले आणि खाली बसले.

"माका म्हायत आसा," ते म्हणाले.

"काय?"

"लवू खंय आसा तां. न्हानूक पण म्हायत आसा." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आमी परात लावतो."

"परात?"

"पितळेची. माझ्या लग्नातली. डब्याच्या पाठसून उभी करूची. टोप घातलो तरी खालसून बारीक बारीक टकटक गळता. परातीत ती जमा होता. परात फिरवत ऱ्हवायचा, खंय जोरात ऐकू येता ती लवूची दिशा. मगे लांबसून पाठीपाठी जावचा. तुझा लिवलेला न्हानून वाचल्यान आणि केल्यान."

सोसायटीच्या ऑफिसात, चेअरमनसमोर, होडी चालवणाऱ्या एका तांडेलाने कबूल केलं की तो दुसऱ्याच्या जागेची चोरी करतो. आमच्याकडे यापेक्षा खून पचतो. भाईंचं तोंड उघडं राहिलं. एरवी याच खोलीत मारामारी झाली असती.

वैजू मात्र ताडकन उठली. "काका, परातीतून ऐकू येतं तर परातीतून बोलताही येतं!"

"म्हणजे?"

"परात लहरी गोळा करते, तशी एका दिशेला फेकतेही. टकटक टोपातून बाहेर गळते, तर आपला निरोप आत गळेल. सगळा नाही जाणार. दहा तुकडे फेकले तर एखादा."

"तर मगे झाला!" भाई ओरडले.

"नाही झालं. दहा टकटकींतली एखादीच पोचत असेल तर न्हानूचा डबा लवूला सारखा मृत धरणार, सारखी नळी मोडणार." ती बोलता बोलता थांबली. पाण्यातल्या रेघांकडे बघत राहिली. "पण नळ्या तर वेगवेगळ्या आहेत. प्रत्येकीचा धीर वेगळा ठेवता येतो. मीच ठेवलाय तसा. सगळ्यांचा नियम बदलायचाच नाही. न्हानूच्या डब्यात, फक्त लवूच्या नळीचा धीर वाढवायचा. मग ती मोडणार नाही. तुकडे पुन्हा पुन्हा जात राहतील, पोचेपर्यंत."

आणि मग ती विश्रामकाकांकडे वळली. पुढचं वाक्य तिला बोलवेना. काकांच्या लक्षात आलंच होतं. न्हानूचा ठिपका इतरांबरोबर घराकडे निघाला होता. परातीच्या टप्प्यात यायचं तर त्याला मागे फिरायला हवं होतं. वादळाकडे.

"लवूच्या नजरेक पडूक नको," काका हळूच म्हणाले. "आमची होडी दिसली तर तो आणखी आत पळतलो. लांबच ऱ्हवाक होया." त्यांनी टोपी परत घातली. "माका बोलूक दे तेच्याशी."

तिने माइक पुढे केला. काकांचं सांगणं फार लहान होतं.

"न्हानू. फिरव. लवूच्या पाठी जा. परात लाव. वैजू सांगता तसा कर. आवशीक मी काय सांगूचा तां बघतंय."

उत्तर साखळीतून यायला वेळ लागला. पडद्यावर एकच शब्द उमटला, 'फिरवतंय'. बाकीचे ठिपके आत येत राहिले. एक बाहेर निघाला.

*

आता निरोप काय पाठवायचा? हवामान खात्याचा इशारा नकाशासकट मोठा होता. टोपाखालच्या फटीतून तो शिरेपर्यंत पुढचा पावसाळा आला असता. भाई म्हणाले, "वादळ आलं, परत ये, एवढंच लिही." या वेळी तिने त्यांना त्या शब्दासाठी अडवलं नाही.

"न्हानूच्या डब्यातून येणार तो निरोप," ती म्हणाली. "लवू म्हणेल तोरसकर मला जागेवरून हुसकवतोय. मुद्दाम दोन जाळी जास्त टाकेल."

"टाकतलो," काकांनी मान डोलावली. "मी पण टाकलंय असतंय."

तिने थोडा विचार केला आणि तीन शब्द लिहिले. मी मान लांब करून वाचले. 'पेज थंड होता.'

तेव्हा मला आठवलं. तिची आई, जनाबाई. आभाळ फिरलं की ती धक्क्याच्या टोकाला उभी राहायची. 'वादळ' म्हणायची नाही, पदर कमरेला खोचून नवऱ्याला ओरडायची, "पेज थंड होता हो!" गावाला वाटायचं, काय ही बाई, नवऱ्याला जेवायला बोलावते ती पण समुद्रातून. पण तिचा नवरा ते ऐकून जाळं अर्धवट सोडून माघारी यायचा. त्या हाकेचा खरा अर्थ मला तेव्हा कुठे लागला; जनाबाई गेल्यावर तो ठाऊक असणारी दोनच माणसं उरली होती, आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती.

वैजूने निरोप दारात टाकला. निरोप आणि वाढवलेला धीर, दोन्ही साखळीतून न्हानूपर्यंत गेले. मग साखळीतली शेवटची होडी बंदरात शिरली आणि न्हानूचाही आमच्याशी संबंध तुटला.

त्याच्या नावापुढे आता 'मृत' उमटायला हवं होतं. विश्रामकाका पडद्याकडे बघत होते. डोळ्याची पापणी हलत नव्हती. तिथे उमटलं, 'वाट पाहतो'.

"ह्या काय?"

"आपल्याकडच्या न्हानूच्या नळीचाही धीर वाढवलाय मी."

"किती येळ ऱ्हवतला तसा?"

"तुम्ही मोड म्हणेपर्यंत."

माझ्या लक्षात आलं, हे 'मृत'पेक्षा वाईट होतं. मृत म्हटलं की माणूस रडून तरी मोकळा होतो. वाट पाहतो म्हटलं की नुसतं बसायचं. वारा पत्रे वाजवायला लागला. बाहेर लोक होड्या वर ओढत होते. न्हानूची आई येऊन दारात उभी राहिली, नवऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता पडद्यासमोर जमिनीवर बसली. वैजू तिच्या शेजारी जाऊन बसली. भाई आत-बाहेर करत राहिले. माझा चहा थंड झाला तो तेव्हा.

उजेड गेला. लाटा धक्क्यावरून आत यायला लागल्या. "मोडू का?" असं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

आणि पडदा टिंगकन वाजला.

न्हानूचा डबा पुन्हा किनाऱ्याच्या टप्प्यात आला होता आणि त्याच्या नळीतून एक निरोप आला. न्हानूचा नव्हता, त्याच्या डब्याने दुसऱ्याचा आणून दिलेला. लवूचा होता. आवाजातला. सांगाव्याने तो लावला आणि सगळं ऑफिस दणाणलं.

"अरे मेल्या न्हानग्या! फटकीच्या! बापसाची परात घेवन माझ्या पाठी फिरतंस? तरी म्हणतंय माझी सुरमय कमी कित्याक होता! घराक पोचांदे, तुका आणि तुझ्या त्या इसराम्याक एकाच जाळ्यात बांधून सुकत घालतंय!..."

पुढचं छापण्याजोगं नाही. बरंच लांब होतं. विश्रामकाका उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना ओरडले, "गाळी घातल्यान! ऐकलंस मा? माका गाळी घातल्यान! दोगव जिते आसत!"

त्यांची बायको एकाच वेळी रडत होती आणि नवऱ्याला चापट्या मारत होती. परात तिचीही होती. परात माळ्यावर ठेवल्याचं तिला सांगितलं होतं.

शिव्या संपल्यावर निरोपात थोडा वारा वाजला, आणि मग लवूचा आवाज, अगदी वेगळा.

"वैजू, पेज गरम कर. येतंय."

*

दोन्ही होड्या आल्या. एकामागून एक, दोरीने बांधलेल्या. न्हानूच्या होडीची बॅटरी वाटेत संपली आणि लवूने त्याला ओढत आणलं, सबंध वाट शिव्या देत. न्हानू म्हणतो, शिव्या थांबल्या असत्या तर त्याला भीती वाटली असती.

सांगाव्याच्या पुढच्या आवृत्तीत वैजूने धीराचं पान नव्याने लिहिलं. टोप, परात, सगळं त्यात आहे. ओमानचे कोळी म्हणे आता तांब्याची हंडी वापरतात. मी खात्री केलेली नाही.

पुढच्या वेळी समुद्रावर निघताना लवू बर्फाच्या कारखान्याची माडी चढून आला. हातात तोच टोप. मी तिथेच होतो, बर्फ घ्यायला. त्याने टोप बहिणीच्या टेबलावर पालथा ठेवला. एका बाजूला छिन्नीने पाडलेलं लांबट भोक होतं.

"काय हे?"

"किनाऱ्याच्या बाजूक एक भोक पाडलंय. बाकी कोणाक ऐकू जावचा नाय. तुझ्यापुरता."

वैजूने भोकातून बोट फिरवलं. कड धारदार होती. तिने कानशीने ती घासून गुळगुळीत केली आणि टोप त्याच्या हातात परत दिला.

जिन्याच्या खालून विश्रामकाकांचा आवाज आला. "किती इंचाचा पाडलंस रे लवू?"

"वर येवन मोज!" लवू ओरडला, आणि टोप छातीशी धरून मागच्या जिन्याने पसार झाला.